१२ मिनिटांची परीक्षा आणि लेबर खातं : ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर, एक प्रकरण अभ्यास

माझे वडील थर्मलला, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रात होते, सीएचपीत, म्हणजे कोळसा हाताळणीला. ड्यूटीवरून आले की आधी मोरीत जायचे आणि रुमाल धुवायला टाकला की बादलीतलं पाणी काळं व्हायचं. कॉलनीत कोणाचे वडील कुठल्या खात्यात आहेत हे आम्हा पोरांना पाठ असायचं, कंट्रोल रूमवाल्यांचे शर्ट पांढरे आणि सीएचपीवाल्यांचे कसेही धुतले तरी करडे. म्हणून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा १९७१ चा, नोकरीतल्या वंशभेदावरचा हा निकाल पहिल्यांदा वाचला आणि त्यात 'कोल हँडलिंग' हे शब्द दिसले तेव्हा मी थांबलेच. इथे तर माणसं सीएचपीत जायला मिळावं म्हणून कोर्टात गेली होती! आमच्याकडे ज्या खात्यातून बाहेर पडायला लोक धडपडायचे तेसुद्धा त्यांच्यासाठी वरचं होतं.

आता मी स्वतः एचआरमध्ये आहे, भरतीच्या अटी ठरवणं हे माझं रोजचं काम, आणि या कामात पडलेल्या प्रत्येकाने हे प्रकरण एकदा तरी नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं. कामगारांची नावं मुद्दाम देत नाहीये, खटल्याच्या शीर्षकात जे एक नाव आहे तेवढंच.

पार्श्वभूमी

नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं ड्रेपर हे छोटं गाव, पुढे शेजारच्या गावांत मिसळून त्याचं ईडन झालं. तिथे डॅन नदीकाठी ड्यूक पॉवर कंपनीचं कोळशावर चालणारं वीजकेंद्र होतं. एकूण ९५ माणसं कामाला, त्यात १४ कृष्णवर्णीय. खाती पाच: लेबर, कोल हँडलिंग, ऑपरेशन्स, मेंटेनन्स आणि लॅबोरेटरी. चौदाच्या चौदा माणसं लेबर खात्यात, म्हणजे झाडलोट, साफसफाई आणि पडेल ते काम. आणि पगाराची रचना अशी की लेबरमधल्या सगळ्यात वरच्या जागेचा पगार बाकीच्या चार खात्यांतल्या सगळ्यात खालच्या जागेपेक्षाही कमी. बढती खात्यातल्या खात्यात सिनियॉरिटीने व्हायची, त्यामुळे लेबरमध्ये कितीही वर्षं काढली तरी माणूस त्याच डबक्यात.

हे वाचताना मला मुंबईच्या गिरण्या आठवल्या. तिथेही विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटायचा. मग दलित कामगार कमी पगाराच्या कताईच्या खात्यांत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. देश वेगळा, कारण वेगळं, पण माणसाला खात्यात कोंडायची पद्धत तीच.

ड्यूक पॉवरने १९५५ मध्ये एक अट आणली: लेबर सोडून कुठल्याही खात्यात नव्याने लागायचं असेल तर हायस्कूल पास पाहिजे, आणि कोल हँडलिंगमधून आतल्या खात्यांत (ऑपरेशन्स, मेंटेनन्स, लॅबोरेटरी) जायचं असेल तरी पाहिजे. त्याआधी लागलेले जे गोरे कामगार हायस्कूल पास नव्हते ते आपापल्या जागी राहिले, नीट काम करत राहिले, बढत्याही घेत राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळा खटला हिच्यावरच फिरतो.

अडचण नेमकी काय होती

१९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टचा सातवा भाग, ज्याला सगळे टायटल सेव्हन म्हणतात, २ जुलै १९६५ ला लागू झाला. नोकरीत वंशावरून भेदभाव बेकायदा. त्याच तारखेला, अगदी त्याच दिवशी, कंपनीने नवा नियम काढला. लेबर सोडून इतर खात्यांत नव्याने लागायचं तर हायस्कूल डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पास झाल्याचा दाखला, तर हवाच, वर दोन टेस्टही पास व्हायच्या. एक वंडरलिक, ५० प्रश्न आणि १२ मिनिटं, साधारण बुद्धी मोजणारी. दुसरी बेनेट, यंत्रांची समज बघणारी. सप्टेंबरमध्ये आधीपासून कामावर असलेल्यांना एक वाट दिली: डिप्लोमा नसेल तर या दोन टेस्ट पास व्हा आणि लेबर किंवा कोल हँडलिंगमधून आत या.

कागदावर बघितलं तर हे सगळ्यांना सारखंच आहे, गोऱ्यांना तीच अट, काळ्यांना तीच. कुठेही वंशाचा उल्लेख नाही. आणि इथेच अडचण होती, कारण भेदभाव म्हटला की आपण कोणीतरी कोणाला तोंडावर नाही म्हणतोय असं चित्र डोळ्यासमोर आणतो, इथे तसं कोणी काही म्हणतच नव्हतं.

आकडे मात्र बोलत होते. १९६० च्या जनगणनेप्रमाणे नॉर्थ कॅरोलायनात गोऱ्या पुरुषांपैकी ३४ टक्के हायस्कूल पास, कृष्णवर्णीय पुरुषांपैकी फक्त १२ टक्के. का, तर शाळा वेगळ्या होत्या आणि काळ्या मुलांच्या शाळांना जे मिळायचं ते उरलंसुरलं. टेस्टचंही तसंच. वंडरलिक आणि बेनेट ज्यात होत्या अशा टेस्टच्या एका संचात गोरे ५८ टक्के पास झाले होते आणि काळे ६ टक्के, हे समान रोजगार संधी आयोगाने दुसऱ्या एका प्रकरणात नोंदवलेलं होतं. शिवाय कंपनीने पासची रेषा देशभरातल्या हायस्कूल पास मुलांच्या मधोमध ठेवली होती, म्हणजे हायस्कूल झालेल्यांतलेही साधारण निम्मे त्यात नापास व्हावेत. डिप्लोमाच्या बदली दिलेली वाट डिप्लोमापेक्षाही अरुंद!

कामगारांपुढचे पर्याय

कामगारांपुढे खरंतर फार पर्याय नव्हते. गप्प बसून टेस्ट देत राहायचं हा एक. कंपनी शिक्षणाच्या फीचा दोन तृतीयांश भाग द्यायची, तेव्हा दिवसभर राबून रात्री अभ्यास करून डिप्लोमा मिळवायचा हा दुसरा, ऐकायला चांगला पण घरदार असलेल्या माणसाला विचारा. नोकरी सोडायची हा तिसरा. आणि चौथा म्हणजे तक्रार.

१४ पैकी १३ जणांनी चौथा निवडला. छोटं गाव, एकच मोठी कंपनी, दक्षिणेतलं १९६६ साल, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार केली त्यांच्याच फाटकातून दुसऱ्या दिवशी सकाळी आत जायचं. मार्च १९६६ मध्ये आयोगाकडे तक्रार गेली. पण आयोगाला तेव्हा दात नव्हते, समेटाचा प्रयत्न करण्यापलीकडे त्याला कंपनीवर काही लादता येत नव्हतं (कोर्टात जायचे अधिकार त्याला १९७२ मध्ये मिळाले). म्हणून त्याच वर्षी फेडरल कोर्टात दावा.

मध्येच एक गोष्ट घडली ती मला सगळ्यात जास्त लागली. तक्रारीनंतर पाच महिन्यांनी, ऑगस्ट १९६६ मध्ये, कंपनीने पहिल्यांदाच एका कृष्णवर्णीय कामगाराला लेबरमधून बाहेर काढून कोल हँडलिंगमध्ये घेतलं. हा माणूस हायस्कूल पास होता. आणि कंपनीत १९५३ पासून होता. म्हणजे १९५५ ची अट आली तेव्हाही तो ती पूर्ण करत होता, त्याच्याकडे तो कागद होता, आणि तरी १३ वर्षं तो लेबरमध्येच होता. अट शिक्षणाचीच होती म्हणणाऱ्यांनी या एका माणसाकडे बघावं. मी कल्पना करते की त्याने तो डिप्लोमा कुठे ठेवला असेल, पेटीत, देवाच्या तसबिरीमागे, आणि दर वर्षी आपल्या मागून आलेली, तो कागदही नसलेली पोरं वर जाताना बघून त्याला काय वाटत असेल.

वकिलांचा डाव आणि त्यातला धोका

कामगारांच्या बाजूने एनएएसीपी लीगल डिफेन्स फंडाचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या संस्थेचे वकील होते. स्थानिक पातळीवर शार्लटचे ज्युलियस चेंबर्स, ज्यांच्या घरावर १९६५ मध्ये बॉम्ब टाकला होता आणि ज्यांचं ऑफिस फेब्रुवारी १९७१ मध्ये पेटवून दिलं गेलं, म्हणजे या निकालाच्या जेमतेम महिनाभर आधी. अशा वातावरणात ही माणसं कागदपत्रं तयार करत होती हे विसरून चालणार नाही.

त्यांच्यापुढे मोठा निर्णय हा होता की लढायचं कशावर. कंपनीची नियत वाईट होती हे सिद्ध करायचं, की नियत बाजूला ठेवून परिणाम दाखवायचा? हेतू सिद्ध करायचा रस्ता ओळखीचा होता, आणि २ जुलै ही तारीख तर हातात आयती होती. पण माणसाच्या मनात काय होतं हे सिद्ध करणं महाकठीण, कंपनी म्हणणार आम्हाला दर्जा वाढवायचा होता, आम्ही तर फीसुद्धा देतो. परिणामाचा रस्ता नवा होता आणि त्यात हरलो तर देशभरातल्या कंपन्यांना टेस्टचा परवाना मिळणार.

कायद्यातही एक पळवाट होती. सिनेटर जॉन टॉवर यांच्या दुरुस्तीमुळे कायद्यात वाक्य होतं की व्यावसायिकरीत्या तयार केलेली क्षमता चाचणी वापरायला मुभा आहे, फक्त ती भेदभावासाठी आखलेली, त्या हेतूची किंवा तशी वापरलेली नसावी. कंपनीचा सगळा भर याच्यावर. वंडरलिक तर बाजारात मिळणारी नावाजलेली टेस्ट, आणखी काय पाहिजे?

खालच्या कोर्टात कामगार हरले. अपील कोर्टाने १९७० मध्ये जुन्या भेदभावाचे जे अवशेष उरलेत त्यांच्यावर उपाय देता येतो एवढं मान्य केलं, पण डिप्लोमा आणि टेस्टबद्दल म्हटलं की वाईट हेतू दिसत नाही म्हणजे बेकायदा नाही. त्या खंडपीठातल्या न्यायमूर्ती सोबेलॉफ यांनी मात्र या भागाला असहमती नोंदवली. इथे थांबता आलं असतं, काही जणांना तरी थोडा दिलासा मिळालाच होता. वकील थांबले नाहीत. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात धाडसी निर्णय हाच.

निकाल

८ मार्च १९७१. आठ विरुद्ध शून्य. निकाल लिहिला सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी, जे काही उदारमतवादी म्हणून ओळखले जाणारे नव्हते, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नेमलेले. न्यायमूर्ती ब्रेनन सुनावणीत नव्हते म्हणून आठ.

कोर्टाने कंपनीला खोटारडी म्हटलं नाही, तिच्या हेतूबद्दलचा खालच्या कोर्टांचा निष्कर्षही मोडला नाही. फीच्या मदतीचा उल्लेखही केला. पण म्हटलं की चांगला हेतू असून भागत नाही, कायद्याने लक्ष दिलंय ते परिणामाकडे. दिसायला तटस्थ असलेली अट जर एका वंशाच्या लोकांना जास्त प्रमाणात बाहेर ठेवत असेल, तर ती अट त्या कामासाठी खरोखर गरजेची आहे हे मालकाने दाखवायचं. माणूस कामाच्या मापाने मोजायचा, हवेत नाही.

आणि मग ती गोष्ट आली जी आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीये, कोल्हा आणि करकोचा. कोल्ह्याने करकोच्याला जेवायला बोलावलं आणि पसरट ताटलीत वाढलं, लांब चोचीला काय मिळणार. ताटली दोघांनाही सारखीच होती ना! बर्गर यांनी लिहिलं की असली बरोबरी कायद्याला नकोय, दूध ज्या भांड्यात द्याल ते सगळ्यांना पिता येईल असं पाहिजे. इसापच्या गोष्टीवर देशाचा नोकरीचा कायदा उभा राहिलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

कंपनी हरली ती कशावर, तर मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं त्याच्यावर. तिच्याच आतल्या खात्यांत डिप्लोमा नसलेले, टेस्ट न दिलेले गोरे कामगार वर्षानुवर्षं उत्तम काम करत होते आणि बढत्या घेत होते. मग ही अट कामासाठी गरजेची कशी? कंपनीच्या एका अधिकाऱ्याची साक्ष होती की कामगारांचा एकूण दर्जा सुधारेल असं वाटलं म्हणून अटी आणल्या. वाटलं! कोणी मोजलं नव्हतं, अभ्यास केला नव्हता. या टेस्ट कुठल्या ठराविक कामाची क्षमता मोजण्यासाठी बनवलेल्याही नव्हत्या.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. कोर्टाने टेस्टवर बंदी घातली नाही, आणि नालायक माणसालाही नोकरी द्या असंही म्हटलं नाही, उलट कायदा तशी हमी देत नाही हे स्पष्ट लिहिलं. टेस्ट घ्या, पण ती त्या कामाशी जोडलेली आहे हे दाखवता आलं पाहिजे.

नंतर काय झालं

डिस्पॅरेट इम्पॅक्ट, म्हणजे परिणामातून दिसणारा भेदभाव, ही कल्पना इथून रुजली. पण वाट सरळ नव्हती. १९७६ मध्ये वॉशिंग्टन विरुद्ध डेव्हिस प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की राज्यघटनेखाली दाद मागायची तर हेतू दाखवावाच लागेल, नुसता परिणाम पुरत नाही, म्हणजे ग्रिग्जचा फायदा टायटल सेव्हनसारख्या कायद्यापुरता. १९८९ मध्ये वॉर्ड्स कोव्ह प्रकरणात, अलास्कातल्या मासळीच्या कारखान्यांचं प्रकरण, सिद्ध करायचा बोजा बराचसा परत कामगारांवर टाकला. मग १९९१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ग्रिग्जचं तत्त्व लिखित स्वरूपात आणलं. आणि एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून सरकारी यंत्रणांना या तत्त्वाचा वापर जमेल तितका कमी करायला सांगितलं. कायदा आहे तिथेच आहे, पण तो राबवणाऱ्याचा हात मागे.

आपल्याकडे हा निकाल ठळकपणे पुढे आला तो लष्करातल्या बायकांमुळे. मार्च २०२१ मध्ये लेफ्टनंट कर्नल नितिशा प्रकरणात आपल्या सुप्रीम कोर्टाने अप्रत्यक्ष भेदभाव समजावून सांगताना ग्रिग्जचा आधार घेतला. निकाल लिहिला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. प्रश्न परमनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत लष्करात राहता येण्याचा होता. पुरुष अधिकाऱ्यांची मेडिकल फिटनेस त्यांच्या नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी बघितली जायची, आणि बायकांना हक्कच उशिरा मिळाला म्हणून त्यांना तोच निकष चाळिशी-पन्नाशीत लावला. शिवाय त्यांचे जुने गोपनीय अहवाल अशा काळात लिहिलेले की यांना पुढे जायचंच नाहीये असं गृहीत धरून. निकष दोघांना सारखाच. ताटली.

वेगळं काय करता आलं असतं

कंपनीच्या जागी स्वतःला ठेवून मी हे बऱ्याचदा घोळवलंय. १९६५ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे सोपा रस्ता होता: लेबरचं दार उघडायचं, सिनियॉरिटीने माणसं कोल हँडलिंगमध्ये घ्यायची, कामावरच शिकवायचं, सहा महिन्यांनी बघायचं. गोऱ्या कामगारांना त्यांनी तसंच शिकवलं होतं की. दुसरं म्हणजे टेस्ट हवीच होती तर आधी आतल्या चांगल्या कामगारांना ती देऊन बघायची, त्यांतलेच निम्मे नापास झाले असते तर टेस्टचं काय ते कळलं असतं. सगळा डेटा हजेरीबुकात पडून होता आणि कोणी उघडून बघितला नाही.

कोर्टाबद्दलही एक म्हणायचंय. 'व्यवसायाची गरज' हे शब्द वापरले पण त्यांचं माप नीट दिलं नाही. गरज म्हणजे याच्याशिवाय काम होणारच नाही, की याने जरा बरं होईल? हा ढिलेपणा राहिला आणि १८ वर्षांनी वॉर्ड्स कोव्हमध्ये त्याच फटीतून सगळं सैल झालं.

आणि हे मी दुसऱ्याचं म्हणून लिहू शकत नाही. आधीच्या एका कंपनीत ऑपरेटरच्या कायम जागा निघाल्या तेव्हा बारावी आणि इंग्रजीतली अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट ही अट मी टाकली होती, वरून कोणी सांगितलं नव्हतं, फॉर्मॅट तसा होता. त्यात कंत्राटावरचा एक जण बसला, चार वर्षं रात्रपाळीला तेच मशीन चालवणारा, बेअरिंग जाणार हे आवाजावरून आदल्या दिवशी सांगायचा. खोलीत तो पेन दोन बोटांत उभं धरून बसला होता, ऑइलने काळी पडलेली नखं, आणि पहिलाच प्रश्न कुठल्यातरी इंग्रजी शब्दाचा समानार्थी शब्द निवडा असा. नापास झाला. त्याच्या जागी आलेल्या मुलाला मशीन शिकवायला आम्ही त्यालाच सांगितलं, आणि त्याने शिकवलं. मी तेव्हा ग्रिग्ज वाचलेलं नव्हतं, पण ते न वाचताही मला कळायला हवं होतं.

आता माझ्याकडे जागेची मागणी येते त्या शीटमध्ये मी प्रत्येक अटीपुढे एक रकाना वाढवलाय: ही अट का? परवा फोर्कलिफ्टच्या दोन जागांची शीट आली, दहावी पास पुढे लिहिलं होतं, 'नेहमीचीच आहे'. मी ती परत पाठवली आणि खाली विचारलं की आत्ता चालवणाऱ्या सहा जणांपैकी दहावी किती जण आहेत. उत्तर अजून यायचंय.